सुमती सिस्टरचा ऑइल पंप

सुमती सिस्टर मोटारीची छाती तपासायची. खरंच सांगते. दवाखान्यातून ड्यूटी करून आली की पांढऱ्या साडीतच बॉनेट उघडायची, कानात स्टेथोस्कोप अडकवायची आणि चालू इंजिनावर त्याची चकती ठेवून डोळे मिटून ऐकत राहायची. शेजारीपाजारी आधी हसले, मग त्यांना सवय झाली. मला नाही झाली. कारण पाना हातात घेऊन तिच्या बाजूला उभा असायचा तो माझा नवरा.

आम्ही नुकतेच सेक्टर सहामध्ये राहायला आलो होतो. पोलादाचा प्लांट रशियनांच्या मदतीनं अजून उभा होत होता. सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी लाल धुळीनं भगवं होऊन हाती यायचं. आमचे हे मशीन शॉपमध्ये लेथवर काम करणारे टर्नर. शेजारच्या क्वार्टरात सिस्टर, एकटी. वडील गोंदियाला रेल्वेत गार्ड होते. एका गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना विकलेली मोटार त्यांनी घेतली होती, ती त्यांच्यामागे हिच्याकडे आली. गल्लीतले सगळे साहेबसुद्धा सायकलवर, आणि ही नर्सबाई मोटारीत! माझ्या पोटात दुखायला एवढंच पुरे होतं.

"तेल पोचून राह्यलं का?" हा तिचा लाडका प्रश्न. कोणाचा गुडघा दुखो, कोणाची सायकल कुरकुरो, कोणाची सून रुसून माहेरी जावो, सिस्टर गंभीरपणे हेच विचारायची.

एक दिवस मोटारच ठकठक करू लागली. सिस्टरनं चकती लावली, तोंड पाडलं आणि कुंपणावरून हाक मारली, "देवरावजी!"

माझ्या नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आणि ही बाई ते दूधवाल्याला बोलवावं तसं मोकळ्या आवाजात घ्यायची! वर "जी"! हे तर दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावले.

दुखणं असं होतं. इंजिनाच्या पोटात सगळीकडे तेल पोचवणारा एक पंप असतो. त्याला फिरवतो एक दांडा, आणि दांड्यावर असतं दात्यांचं एक चिमुकलं चाक. त्या चाकाचे दाते झिजले होते. नवीन बसवलं की झालं. पण कशाचं बसवायचं? पोलादाचं की पितळेसारख्या मऊ गनमेटलचं?

"पोलादाचं घ्या," हे म्हणाले. "मी लेथवर करून देतो. जन्मभर पुन्हा पाहाचं काम नाही."

"ते झिजणार नाही, पण त्याच्याशी जुळलेल्या मोठ्या दांड्याचे, कॅमशाफ्टचे, दाते खाईल. मंग तो कॅमशाफ्ट मी कुठून आणू?"

"मंग गनमेटलचं घ्या."

"अन् तेच लवकर झिजलं तं?"

झालं. त्या दिवसापासून आमचे रविवार त्या चाकात अडकले. कधी दांडा किती कडक करायचा यावर चर्चा, कारण फार कडक केला तर काचेसारखा मोडतो. कधी तेल कुठलं घालायचं यावर. एकदा तर सिस्टरनं रस्त्यानं जाणाऱ्या रशियन इंजिनियरला थांबवून ते झिजलेलं चाक त्याच्या तळहातावर ठेवलं. तो "खराशो, खराशो" म्हणाला, चाक परत दिलं आणि पायडल मारत निघून गेला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ छान. पण छान काय, पोलाद की गनमेटल, यावर आणखी एक रविवार गेला.

इकडे माझ्या स्टोव्हचा पंप हवा धरत नव्हता.

"तिच्या पंपाची काळजी आहे, माह्या पंपाले कावून हात लावत नाही?" मी विचारलं.

"अवं, तुह्या पंपात एक वायसरच तं आहे," हे म्हणाले. "त्यात विचार करण्यासारखं काय आहे?"

मी रात्रभर यांच्याकडे कूस वळवली नाही.

"वहिनी, तुमीबी येत जा," असं सिस्टर दरवेळी म्हणायची. मला तो टोमणा वाटायचा. शेवटी एका रविवारी कांद्याच्या भज्यांची ताटली घेऊन गेलेच. भजी निमित्ताला, खरं गेले ते पहारा द्यायला. दोघं बॉनेटवर वाकलेले, मधे हातभर अंतर. ते अंतर मी नीट डोळ्यांत भरून घेतलं.

"चहा मी टाकते," असं म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. चहाचं आधण चुलीवर ठेवून साखर शोधताना एक डबा उघडला. आत तेलकट फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोडून पाहिलं, तर नवा कोरा दांडा आणि त्यावर पिवळं गनमेटलचं चाक. एकही दाता झिजलेला नाही.

माझं डोकं तापलं. म्हणजे वस्तू घरात आणि माझा नवरा अंगणात! सिस्टर मागे येऊन उभी होती. मी दांडा तिच्यासमोर धरला.

"हे काय आहे, सिस्टरबाई?"

तिनं एकदा दाराकडे पाहिलं.

"मागच्या महिन्यातच नागपूरहून आणलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मले पयल्याच दिवशी माहीत होतं, गनमेटलचंच लागते."

"मंग बसवलं कावून नाही?"

"बसवलं की गाडी चालू होईल, वहिनी." ती फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "दवाखान्यात दिवसभर लोक बोलतात, पण कण्हतात नाही तं रडतात. तुमच्या घरी भांडणबी किती छान होते. मी भिंतीपाशी बसून ऐकते. रविवारी अंगणात कोणी बोलत असलं की..." तिनं फडक्याचं टोक सोडलं. "राग नका मानू. आज बसवून टाकू."

चुलीवर चहा वर येत होता. तो उतरवायचं दोघींनाही सुचलं नाही, थोडा उतू गेला.

मी दांडा फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. चहा घेऊन बाहेर आले. यांच्या अगदी शेजारी, हातभर अंतराच्या बरोबर मधोमध स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "अहो, मले एक सांगा. पोलाद कडक करायचं म्हणजे नेमकं कसं करायचं?"

यांचा चेहरा असा उजळला, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही उजळला नव्हता. सिस्टरनं भज्यांची ताटली मांडीवर घेतली आणि हे अगदी सुरुवातीपासून सांगू लागले.