सासूबाईंचा पाठमोरा सामना

“शहरातलं सर्वांत निष्ठावंत कुटुंब म्हणून आमची निवड झाली नाही, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन,” असं चष्मेवाल्यांनी भर चौकात जाहीर केलं. पाटी चांगली दहा फुटी होती बरं का.

शहराच्या फुटबॉल संघावर त्यांचा जीव. त्यात यंदा एका गादीवाल्या कंपनीने संघ विकत घेतला. हिरवा शर्ट जाऊन गुलाबी आला, छातीवर उशीचं चित्र आलं आणि गोल झाला की भोंग्यातून जांभई ऐकू येऊ लागली. मोसम संपला की जुन्या मैदानावर गाद्यांचं गोदाम उभं राहणार होतं. चष्मेवाले कंपनीला उठताबसता शिव्या देत. पण त्याच कंपनीने ही स्पर्धा काढली. निवडलेल्या घरातल्या दोघांना शेवटच्या सामन्याला थेट मैदानावर, खेळाडूंच्या बाकाशेजारी बसता येणार होतं. त्या गवतावर एकदा पाय ठेवायचा, हे चष्मेवाल्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यांनी शिव्या गिळल्या आणि अर्ज भरला.

घरच्यांच्या निष्ठेबद्दल त्यांना शंकाच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी संघाने करंडक जिंकला, त्या क्षणी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, सासूबाई टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत होत्या आणि लेक टेबलाखाली रांगत होती. तेव्हापासून दर सामन्याला ज्याने त्याने आपापली जागा धरायची, असा घरचा कायदाच झाला. लेक आता बारा वर्षांची होती, तरी सामना लागला की टेबलाखाली. गुडघे हनुवटीला टेकत, पण तक्रार नाही.

उपांत्य सामन्याच्या दुपारी कंपनीची बाई कॅमेरावाल्याला घेऊन घरी आली. सामना सुरू झाला होता. रेकॉर्डिंगसाठी तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि दारात उभ्या बायकोला विचारलं, “संघाचा कप्तान कोण?”

“तो उंच आहे ना, तो,” बायको म्हणाली. “की मागच्या वर्षीचा होता तो? अहो, उंच कोण होता?”

चष्मेवाल्यांना घाम फुटला. बाईने टेबलाखाली वाकून लेकीला आवडता खेळाडू विचारला. लेक म्हणाली, “मला इथून फक्त बाबांचे पाय दिसतात.”

“आणि आजी, तुम्ही?”

“मी एकही सामना पाहिलेला नाही हो,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “पाठ असते ना माझी.”

बाईने वही मिटली. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर दहा फुटी पाटी खाली उतरू लागली. ते काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई भाजीतून मान वर करून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, “कॉर्नर मिळाला वाटतं.”

बाईने टीव्हीकडे पाहिलं. खरोखरच कॉर्नर होता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“जावईबापूंनी उजवा अंगठा मुठीत घेतला. कॉर्नर असला की घेतात.” जरा वेळाने त्या म्हणाल्या, “गेला वाया. आता त्यांचे लोक धावताहेत, जावईबापूंचा श्वास थांबलाय. सुटला श्वास, आपल्या गोलकीपरने अडवला बघा.”

अडवला होता. कॅमेरावाल्याने कॅमेरा सासूबाईंकडे वळवला. मग दारातून बायको म्हणाली, “आता पिवळं कार्ड. यांचा डावा कान लाल झालाय.” टेबलाखालून लेक म्हणाली, “फ्री किक! बाबांनी टाचा उचलल्या.” पुढे शेवटपर्यंत तिघींनी मिळून उरलेला सामना सांगितला, टीव्हीकडे न बघता, एकही चूक न करता. बाई तोंडावर हात ठेवून बसून राहिली.

चष्मेवाले तर थक्कच झाले. संघ जिंकला तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं नाही. अकरा वर्षं आपण खेळाडूंकडे डोळे लावून बसलो आणि या तिघी आपल्याकडे, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. बायकोच्या आवडीची एक गोष्ट आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना फार लाज वाटली.

निवड झाली. कंपनीने मात्र कळवलं की पहिला पास आजींचाच, सोबत कोण ते घरच्यांनी ठरवावं.

“चला जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचं स्वप्न आहे.”

चष्मेवाल्यांचं मन मैदानात केव्हाच जाऊन पोचलं होतं. “आई, हिला न्या,” ते म्हणाले. “अकरा वर्षं उभी आहे. तिथे खुर्ची तरी मिळेल.”

बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि मग गुलाबी शर्ट आपल्याला बरा दिसेल का, असं विचारलं. चष्मेवाले म्हणाले, छान दिसेल. तेही खरंच वाटून म्हणाले.

शेवटच्या सामन्याला ते लेकीला शेजारी कोचावर घेऊन टीव्हीसमोर बसले. खेळाडूंच्या बाकाशेजारच्या दोन खुर्च्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होत्या. संपल्या संपल्या बायकोचा फोन आला.

“अहो, इथे नुसता गोंधळ चाललाय. जिंकलो का आपण?”

चष्मेवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं.

“तू सदतिसाव्या मिनिटाला हसलीस,” ते म्हणाले, “आईंनी दोनदा चष्मा पुसला, आणि एकदा तू त्यांना पाणी दिलंस. सामन्याचं काय झालं ते शेजाऱ्यांना विचारून सांगतो.”