मांड्यांचं पॅकिंग

तुम्ही कधी स्वतःच्या मांड्या मागच्या बाजूनं पाहिल्यात का? नसतील, तर पाहू नका. मी पाहिल्या, दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीत, तीन आरशांत एकदम. पोहायचा पोशाख घ्यायला गेले होते. धाकट्या जावेनं आम्हा दोघींची नावं बायकांच्या पोहण्याच्या वर्गात घातली होती आणि पहिला तास दुसऱ्या दिवशी सकाळी होता. जाऊ म्हणजे वेताची छडी. तिच्या शेजारी या खळ्याखळ्यांच्या मांड्या घेऊन उभं राहायचं, म्हणजे अब्रूच जायची.

घरी येऊन मोबाइलवर वाचलं. याला सेल्युलाइट म्हणतात. गादीला टाके घातले की मधला कापूस कसा फुगतो, तशी कातडीखालची चरबी वर येते. बहुतेक बायकांना असतं, बारीक बायकांनाही. पुरतं जात नाही. व्यायामानं जरा कमी दिसतं. एवढं शहाणपणाचं मी वाचलं आणि सोडून दिलं, कारण खाली कुणीतरी लिहिलं होतं, की कॉफीचा लेप लावून वर प्लास्टिक गुंडाळा.

लेप मी लावला. प्लास्टिकसाठी यांना हाक मारली. हे गोदामात पॅकिंगला आहेत, त्यामुळे खोकी गुंडाळायची फिल्म घरात असतेच. मला वाटलं, दोन वेढे देतील. पण कामात कुचराई यांच्या रक्तात नाही. मला टेबल धरून उभं केलं, दोन्ही पाय एकत्र घेतले (सुटा माल प्रवासात हलतो म्हणे) आणि घोट्यापासून कमरेपर्यंत ताणून ताणून गुंडाळलं.

"अहो, आता मी चालू कशी?"

"माल चालत नसतो," हे म्हणाले.

तासाभरानं सोडवायची वेळ आली, तेव्हा घरातल्या कात्रीनं त्या थरांपुढे हात टेकले. मग हे कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मोठी कात्री मागायला गेले, दार सताड उघडं टाकून. त्याच दारातून जाऊ आत आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, भाऊजी तुम्हाला पाठवतायत तरी कुठे?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ती दार लावून आली, पाठ फिरवली आणि गाऊन वर धरला. वेताच्या छडीलाही खळ्या होत्या. याच लाजेनं ती इतकी वर्षं पाण्यात उतरली नव्हती.

"मग आत्ताच कसं सुचलं?"

"म्हटलं, तुम्ही शेजारी असलात, की माझ्याकडे कोण बघतंय."

मला राग यायला हवा होता. पण पाय बांधलेले असताना माणूस तणतणत जाणार कुठे? मी हसले, हसताना टेबल सुटलं आणि जमिनीवर आडवी झाले. तेवढ्यात हे कात्री घेऊन आले आणि माल कुणी पाडला, म्हणून जावेवरच डाफरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तलावावर गेलो. जाऊ तासभर मजेत डुंबली, आणि माझ्या मांड्यांवरचे लालतपकिरी पट्टे बघून शिकवणाऱ्या बाईंनी मला कातडीचा रोग नसल्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणायला घरी पाठवलं.