धुरपदाच्या ओवीचा फेरफार

मालक नाही अशी वस्तू या पृथ्वीतलावर असू शकत नाही. तशी एखादी आढळलीच, तर तिची नोंद व्हायची राहून गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी करून मी या सत्याला पोहोचलो. दुसरे लोक त्यासाठी हिमालयात जातात. मला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पुरले.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता नातवंडं आणि रक्तदाब सांभाळायचा. पण २००७ साली शिरूरला 'घोड-भीमा डॉट कॉम' सुरू झालं. ज्याला जे येतं ते त्यानं इंटरनेटवर चढवावं आणि जगानं ते फुकट बघावं-ऐकावं, अशी ती सोय. गाणी, भारुडं, नकला, रांगोळ्या, बैलाची शिंगं रंगवायच्या तऱ्हा, काय वाटेल ते. आपल्याकडचं काम म्हटल्यावर ते सहकारी तत्त्वावर असणं ओघानंच आलं. एक चेअरमन, एक व्हाइस चेअरमन, सतरा संचालक आणि दोन कॉम्प्युटर (पैकी एक चालू). चेअरमन हौसराव आबा पहिल्याच सभेत मोकळेपणानं म्हणाले, "इंटरनेट म्हंजी काय ते मला कळत न्हाई. पण धारा तरी मी कुठं काढत व्हतो? दूधसंघ चालवलाच की!" टाळ्या पडल्या.

सहा महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. माझी चाल ढापली, माझ्या दुकानाचं नाव लावलं, माझी नक्कल माझ्याआधी केली. पहिल्या वर्षाच्या ३४७ तक्रारींपैकी २११ सख्ख्या भावांनी भावांवर केलेल्या होत्या, ८८ भावकीतल्या, ४७ बांधाला बांध असलेल्यांच्या. एक तेवढी अनोळखी माणसाविरुद्ध होती. ती चुकून आली होती. संस्थेनं कायद्याची पुस्तकं मागवली, तर ती निघाली इंग्रजीत. मग आबा म्हणाले, "हक्काची भानगड हाय ना? भाऊसाहेबाला बोलवा." (आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. पेन्शन लागली तरी ते उतरत नाही.) अशा रीतीनं मी संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी झालो.

लोक उगाच म्हणतात की हे नवं युग आहे, त्याला नवे नियम लागतात. काही लागत नाहीत. गाणं म्हणजे जमीनच. दोन्ही बापजाद्यांकडून येतात, दोन्हींवरून डोकी फुटतात. मी प्रत्येक गाण्याला गट नंबर दिला, त्याचा सातबारा तयार केला. चतुःसीमा लिहिली : पूर्वेस अमक्याची गवळण, पश्चिमेस तमक्याचं भजन. गाण्यात मध्येच खोकला असला तर तेवढा भाग पोटखराबा म्हणून वजा केला. तक्रार आली की आधी गाण्याला कुलूप घालायचं, मग चौकशी. कारण चौकशी आधी केली तर कुलूप घालायचं कारण राहत नाही, असा अनुभव आहे.

नावांच्या तक्रारीही याच पद्धतीनं सुटल्या. चौफुल्याजवळ 'कस्तुराबाईची भेळ' आणि तिला खेटून 'कस्तुराबाईची जुनी भेळ' अशा दोन गाड्या होत्या. दोघींनी जाहिराती चढवल्या, दोघींनी एकमेकींवर अर्ज केले. मी सरळ नावाची मोजणी करून वाटप केलं. एकीला 'कस्तुराबाई' दिलं, दुसरीला 'भेळ'. आता एका गाडीवर काय मिळतं ते कुणाला कळत नाही, आणि दुसरीवर कुणाचं मिळतं ते कळत नाही. पण पुन्हा तक्रार आलेली नाही, हे लक्षात घ्यावं.

या सगळ्यावर कळस म्हणजे माझं मुख्य तत्त्व. कूळकायद्यात 'कसेल त्याची जमीन' म्हणतात ना? मी नियमावलीत लिहिलं, 'वाजवील त्याचं गाणं'. दोन्ही तालुक्यांत वाहवा झाली. आणि या तत्त्वाची खरी परीक्षा गट नंबर १६४२ मध्ये झाली, म्हणून ते प्रकरण सविस्तर सांगतो.

अंजना ही मांडवगण फराट्याची. रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला होती. तिची आई धुरपदा. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं आणि पहाटे जात्यावर दळताना ओव्या रचल्या. त्यातली एक लेकीच्या शाळेवरची होती. अंजनानं ती मोबाईलवर टेप केली आणि आमच्याकडं चढवली :

लेक निघाली शाळंला, हाती पाटी, पायी काटं
काटं मोडीत मोडीत तिनं केली मला वाट

ओवी धो धो चालली. ४,२१२ जणांनी ती आपापल्या फोनवर उतरवून घेतली. निम्म्यांनी तर रिंगटोन केली. पुढं धुरपदाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर अंजनाचा मोबाईल कंपनीच्या बसमध्ये हरवला, पण ती बिनघोर होती. "साइटीवर हाय की, कुठं जातंय?" म्हणायची. दर गुरुवारी सुट्टी असली की ती आईला एसटीनं शिरूरला आणायची. धुरपदा आमच्या चालू कॉम्प्युटरपुढं बसायची, कानाला हेडफोन लावायची आणि स्वतःचाच आवाज ऐकत ओठ हलवायची. एकदा, दोनदा, पाचदा. मग पदरानं हेडफोन पुसून जागेवर ठेवायची. (संस्थेच्या दप्तरी त्यांची नोंद 'नियमित ग्राहक' अशी आहे.)

दौंडला रविराज नावाचा एक उद्योगी गृहस्थ मोबाईलचं दुकान चालवतो. त्यानं ही ओवी उतरवली, खाली ढोलकी आणि कीबोर्ड घातला, ललिता नावाच्या गायिकेकडून म्हणवून घेतली आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये भरून द्यायला लागला. इथवर ठीक. मग त्यानं आमच्याकडं रीतसर तक्रार केली की धुरपदा नावाच्या बाईनं त्याचं गाणं चोरलं असून तेही वाद्यांशिवाय चोरलं आहे. रविराज हा हौसराव आबांचा भाचा. त्याचा निकालाशी काही संबंध नव्हता. तसं आबांनी मला तीनदा फोन करून सांगितलं.

नियमाप्रमाणं ओवीला कुलूप बसलं. अंजना गुरुवारी आईला घेऊन आली, तर पडद्यावर 'वादग्रस्त' अशी पाटी. मी तिला बसवून घेतलं आणि लागणाऱ्या कागदांची यादी हातात ठेवली. ओवी रचली त्या दिवशीचा पंचनामा. रचतानाचा फोटो, दोन प्रती. जात्याच्या मालकाचं ना-हरकत पत्र. लगतच्या चार ओव्यांच्या मालकांची संमती. आणि ओळख पटण्यासाठी अर्जदाराच्या नावचा सातबारा.

"भाऊसाहेब, आमच्या नावावर जमीन न्हाई," ती म्हणाली.

"आईच्या?"

"तिच्या बी न्हाई."

(आजीच्याही नव्हती. मांडवगणला त्यांच्या वस्तीचं रेकॉर्ड कितीतरी वर्षं माझ्याच हाताखालून गेलं आहे, तेव्हा हे खात्रीनं सांगतो.)

"जमीन न्हाई म्हणूनच तर ही ओवी हाय," अंजना म्हणाली. "तिनं आयुष्यात स्वतःचं म्हणून एवढंच केलं, आन् तुम्ही तिच्याकडं सातबारा मागताय व्हय?"

हे विधान भावनिक असल्यामुळं नोंदवलं नाही. रविराजनं अकरा सातबारे जोडले होते. त्यात गाण्याचा कुठं उल्लेख नव्हता, पण सगळं क्षेत्र बागायती होतं.

सुनावणी सकाळी अकराला ठेवली. सतराही संचालक हजर, कारण चहाबरोबर भजी होती. रविराजनं सांगितलं, की त्याचं गाणं छत्तीस दुकानांत वाजतं, शिवाय दोन बँडपार्ट्या वाजवतात. म्हणजे वहिवाट सिद्ध झाली. मग मी न्यायबुद्धीनं धुरपदाकडं वळलो. उद्या कुणी म्हणायला नको की बाईला संधी दिली नाही.

"बाई, ओवी तुमची असेल तर म्हणून दाखवा."

"अहो, तिचा घसा..." अंजना उठली. मी तिला नियम चौदाखाली बसवलं. एकाचं म्हणणं दुसऱ्यानं मांडायचं नसतं.

धुरपदा उभी राहिली. पदर नीट केला. तोंड उघडलं आणि ओवी सुरू केली. गळा हलत होता, ओठ हलत होते, उजवा हात हवेत गोल फिरत होता, जातं ओढल्यासारखा. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली घेतली. एक अक्षर ऐकू आलं नाही. भजी चावणारेही थांबले. मला तिच्या ओठांवरून शब्द न् शब्द कळत होता. पण अधिकाऱ्याला कळणं हा काही पुरावा नव्हे. मी इतिवृत्तात लिहिलं : 'प्रतिवादीस पुरेशी संधी देऊनही त्यांनी मौन बाळगले. सबब मौन ही संमती धरण्यात येत आहे.' अक्षर माझं चांगलं आहे. तेवढी ओळ मात्र जरा वाकडी आली.

ओवी रविराजच्या नावे चढली. एका गटाला दोन मालक असू शकत नाहीत, म्हणून धुरपदाच्या आवाजातली प्रत दुबार नोंद ठरवून काढून टाकली. शिवाय जाहीर नोटीस लावली : जुनी प्रत ज्यांच्या फोनवर असेल ते अतिक्रमण समजण्यात येईल, सात दिवसांत काढावे, अन्यथा कारवाई. लोकांना शिस्त लावायची तर आधी स्वतःपासून सुरुवात करावी, म्हणून माझ्या मोबाईलमधली प्रत मी भर सभेत उडवली. त्यालाही टाळ्या पडल्या. मांडवगणच्या वस्तीनं तर पहिल्याच दिवशी सगळे फोन साफ केले. कारवाई म्हटलं की ती पहिली कुणावर होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आठवड्यानं अंजना पुन्हा आली. एकटीच. मला वाटलं अपील असेल, मी फॉर्म काढून ठेवला.

"ओवी त्याचीच ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मालकी नको मला. आईचा आवाज तेवढा काढून द्या. ती ह्या गुरुवारी बी आवरून बसली व्हती."

मी सातबारा पुढं ओढला. त्यात 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. त्यात विहीर बसते, बोअर बसतो, बांधावरचं आंब्याचं झाड बसतं, बँकेचा बोजा बसतो. आवाज काही बसेना. मग कॉम्प्युटर चालवणाऱ्या सविताला विचारलं. ती म्हणाली, "डिलीट म्हंजी डिलीट, भाऊसाहेब. त्याला फेरफार नसतो." रविराजनंही ढोलकी चढवल्यावर मूळ प्रत पुसून टाकली होती. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकतीस वर्षांत मी पुष्कळांच्या जमिनी इकडच्या तिकडं चढवल्या, पण जमीन निदान होती तिथंच राहायची.

वरातीमागून घोडं म्हणतात तशी मी दुसरी नोटीस काढली. जुनी प्रत कुणाकडं असल्यास पंधरा दिवसांत आणून द्यावी, कारवाई होणार नाही, नाव गुप्त ठेवू. शिरूरच्या एसटी स्टँडवर टेबल मांडून मी स्वतः बसलो. शेजारी धुरपदा आणि बिनपगारी रजा काढून अंजना. ४,२१२ माणसं होती, एक पुरे होता. लोक बोर्ड वाचायचे आणि लांबून वळसा घालून जायचे. "म्हातारं नावं गोळा करतंय," असं माझ्या कानावर आलं. दोष देत नाही. मीही माझ्या नोटिशीवर विश्वास ठेवला नसता.

नवव्या दिवशी न्हावऱ्याच्या गाडीच्या रांगेत एकाचा फोन वाजला. 'लेक निघाली शाळंला...' कीबोर्ड नाही, ढोलकी नाही. धुरपदाच! म्हातारी ताडकन उठली. अंजना धावली, "अवो दादा, थांबा, दादा!" त्या गृहस्थानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या बोर्डाकडं पाहिलं. बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि गाडीत चढून खिडकीशी बसला. वाईट माणूस वाटला नाही. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, वाचनाची आवड असावी असा चेहरा. गाडी सुटेपर्यंत तो समोर बघत राहिला.

पंधरा दिवस संपले. मुदत मी माझ्या अधिकारात वाढवली आहे, आणि ती कधी संपेल हे लिहिलेलं नाही. गुरुवारी टेबल असतं, धुरपदा आवरून येऊन बसते, आणि कुणाचाही फोन वाजला की मान वर करते. बाकी संस्थेचं उत्तम चाललं आहे. तुम्हीही इथवर वाचत आलात, दोन-तीन ठिकाणी हसलात, भेळेच्या वाटपाला तर चांगलेच हसला असाल. कपाटातला तो जुना मोबाईल काढून एकदा बघावा, असं मात्र अजून तुमच्या मनात आलेलं नाही.