नस पाहणारे वासुभाऊ

वासुभाऊंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, पण डोळ्यातला पडदा एकदा पाहिला की ते विसरत नसत. अमरावतीच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचा फोटो काढायचं मशीन ते चालवायचे, मी बाहेर नावं लिहायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाचं नाव ऐकून म्हणाले, "गेल्या साली तपासला होता. डाव्या पडद्यावर तिळाएवढा डाग आहे, बाकी नस चांगली भरली आहे. करून घे लगन." लग्नात मात्र त्यांनी नवरदेव समजून त्याच्या भावालाच अहेर दिला.

पेशंटला ते दटावायचे, "हालू नका, पडदा लाजते."

एकदा परतवाड्याचे करीमचाचा, शिंपी, त्यांच्या शबानाला घेऊन आले. सव्वीस वर्षांची पोर. डावा डोळा आधी दुखला, धूसर झाला, मग आपोआप निवळला. दोनदा चष्मा बदलला होता, तरी त्या डोळ्याने लाल दोरा विटकरी दिसायचा. पायाला मुंग्या यायच्या. शिलाई टाळायला सोंग करते, असं चाचांचं म्हणणं. डॉक्टरांनाही तपासणीत विशेष काही दिसलं नाही.

वासुभाऊंनी तीनदा फोटो काढला आणि कधी नव्हे ते खुर्ची सोडून डॉक्टरांच्या खोलीत गेले. "साहेब, हे चष्म्याचं काम नाई. नस झिजून राह्यली."

डॉक्टर आधी वैतागले, मग बराच वेळ फोटो पाहत बसले. नुसत्या फोटोवरून आजाराचं नाव सांगता येत नाही, पण मेंदू तपासायलाच हवा, असं सांगून त्यांनी शबानाला नागपूरला पाठवलं. निदान आलं मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर स्वतःच्याच नसांचं वेष्टण खातं. हा आजार बरा होत नाही, औषधांनी आवरता येतो. इंजेक्शनं सुरू झाली. चाचा माझ्या टेबलाशी बसून एवढंच म्हणाले, की मी तिला रोज कामचोर म्हणायचो. दारात उभ्या वासुभाऊंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

सोमवारी ते अकोल्याहून धाकट्या बहिणीला घेऊन आले. पायऱ्यांवरून त्यांनी तिला उचलूनच आणलं. कुसुमताई पंधरा वर्षं भिंत धरून चालत होत्या. हातातून भांडी पडायची, म्हणून नवऱ्याने माहेरी आणून सोडलेलं. माहेरीही सगळे नाटकं म्हणायचे. वासुभाऊसुद्धा.

हनुवटी मशीनवर टेकवून त्या निमूट बसल्या. दोन्ही डोळ्यांचे फोटो आले. मी आत येऊन मागे उभी होते; इतक्या वर्षांत मलाही थोडं कळू लागलं होतं. नसेचा थर दोन्हीकडे कागदासारखा पातळ होता. नागपूरची तपासणी अजून व्हायची होती, पण वासुभाऊंचा तेवढा धीर नव्हता.

"कुसुम," ते म्हणाले, "तू नाटकं नोती करत."

कुसुमताईंनी हनुवटी मशीनवरून उचलली नाही. "मले ठाऊक होतं, दादा. हे आईले सांगाले पायजे होतं."

आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

बाहेर सहा जण बसले होते. वासुभाऊंनी पुढचा पेशंट मागितला नाही. मीही कुणाचं नाव पुकारलं नाही.