तीन भागांतले कदम सर

जबलपूरच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात 'नववा गडी' या खो-खोवरच्या नव्या कादंबरीची प्रत एकच होती आणि तिच्यावर बोलणारे वक्ते तीन. कार्यक्रम तोंडावर आलेला. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. पण ग्रंथपाल विष्णुपंतांची सारी नोकरी तिथल्याच तोफांच्या कारखान्यात गेली होती. त्यांनी खणातून ब्लेड काढलं, पुस्तकाची शिवण उसवली आणि कादंबरीचे तीन भाग करून प्रत्येकाला झकास पुठ्ठा लावला.

"अवो, हे काय करून राहिले?" बेबीताई किंचाळल्या. त्या तीन वक्त्यांपैकी एक.

"फॅक्टरीत तोफ कशी बनते? एक सेक्शन नळी करतो, दुसरा चाकं. जोडणी शेवटी. आपली जोडणी स्टेजवर! तुम्ही आपापल्या भागातले प्रशिक्षक कदम सर बघा, एक अर्थपूर्ण वाक्य निवडा. चलो, घ्या."

विष्णुपंतांनी स्वतः कादंबरी दोनदा वाचली होती, तेव्हा काळजी कसली? काळजी होती ती निराळीच. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांना वाचनालयाची खोली योगवर्गाला द्यायची होती. "इथं माणसांपेक्षा झुरळं जास्त येतात," असं ते चारचौघांत म्हणत. हा कार्यक्रम पडला की कपाटं गोदामात जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. विष्णुपंतांचा त्या कपाटांवर पोटच्या पोरांसारखा जीव. त्यांनी कमानिया गेटपासून महाराजपुरापर्यंत एकही मराठी घर फोन केल्यावाचून सोडलं नाही.

सभागृह भरलं. नागपूरहून खुद्द लेखिका यशश्रीताई आल्या होत्या, आणि घोळ तिथंच झाला. लेखिकेच्या तोंडावर 'मी एकच भाग वाचलाय' असं कबूल कोण करणार? पहिल्या भागाचे रत्नाकरराव सबंध पुस्तक कोळून प्यायल्याच्या थाटात उभे राहिले.

"कदम सर म्हणजे क्रीडाक्षेत्रातला जल्लाद! भर उन्हात कोवळ्या रंजनाला पळवतात, संघातून हाकलतात. त्यांचं वाक्य पाहा: 'खो मिळाला की उठायचं, कोणी दिला ते बघत बसायचं नाही.' हुकूमशहाची भाषा आहे ही!"

"काय बोलून राहिले भाऊजी?" बेबीताई जागेवरूनच कडाडल्या. "रंजनाचा गुडघा मोडला तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी कोण बसलं? देवमाणूस आहे तो! हेच वाक्य ते तिच्या कानात सांगतात, तेव्हा मी ढसाढसा रडली!"

"जल्लाद!"

"देवमाणूस!"

तिसऱ्या भागाची प्रणोती कॉलेजातली. मराठी एकेक अक्षर लावत वाचलेलं, त्यामुळे शब्द न् शब्द पाठ. ती घाबरत म्हणाली, "पण काका, वो डायलॉग सरांचा नाहीच आहे. रंजना बोलते. सर तर खेळ सोडून घरात बसले आहेत ना!"

आता श्रोत्यांतही दोन तट पडले. पुस्तक कोणीच वाचलेलं नव्हतं, त्यामुळे भांडण जोरात चाललं. यशश्रीताईंनी हळूच विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी माझीच कादंबरी वाचली ना?"

"विष्णुपंत!" भय्यासाहेब गरजले. "काहून बोलत नाही? काय तमाशा आहे हा?"

विष्णुपंत उठले. तिन्ही भाग गोळा करून त्यांनी लेखिकेपुढे ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. आपल्या पुस्तकाची ती अवस्था बघून यशश्रीताईंचा चेहरा उतरला. कपाटं गोदामात निघालेली विष्णुपंतांना डोळ्यांसमोर दिसली आणि त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, "भैया, पण मग कदम सर चांगले का वाईट?"

"आणि त्या पोरीचं पुढं काय झालं?" दुसरं कोणी ओरडलं.

विष्णुपंतांची पाठ ताठ झाली. "ते सांगायचं नसतं. वाचायचं असतं. पहिला भाग कोणाला पाहिजे?"

हातच हात वर झाले.

"मला डायरेक्ट तिसरा द्या," भय्यासाहेब घाईघाईनं म्हणाले.

"जमणार नाही, साहेब. पहिला परत आणला की दुसरा, दुसरा आणला की तिसरा. खोली उघडी असेलच ना?"

"असेल, असेल! योगवर्ग काय, अंगणातही होतो. पहिला नंबर माझा लिहा."

यशश्रीताई मग खळखळून हसल्या. त्यांनी पिशवीतून स्वतःची कोरी प्रत काढली आणि विष्णुपंतांच्या हातात दिली. "ही वाचनालयाला भेट. ही तरी सबंध राहू द्या."

विष्णुपंतांनी प्रत कपाळाला लावली. मग कण्यावरून अंगठा फिरवून शिवण चाचपली, पहिल्या भागासाठी लागलेल्या रांगेकडे एक नजर टाकली आणि अदबीनं पेन पुढं केलं.

"सही तीन जागी करा, मॅडम. कुठल्या पानांवर, ते मी दाखवतो."