कडब्याची पेटी

आमच्या मालेगावात करीमभाईंना नमस्कार केला तर उलट नमस्कार मिळत नाही. "पेटी उघडली का, सर?" असा प्रश्न मिळतो. उघडली म्हटलं तर "काय निंगालं?" आणि नाही म्हटलं तर "काहून?" पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस लॉटरीच्या नादी लागला आहे. नंतर कळलं, प्रकरण त्याहून गंभीर आहे. (मालेगाव म्हणजे वाशिमचं. नाशिकचं नव्हे, हे आम्हाला पाकिटावरसुद्धा लिहावं लागतं.)

प्रकरण म्हणजे मोबाईलवरचा शेतीचा खेळ. त्यात एक शेत असतं, ते नांगरायचं, पेरायचं, आणि रोज सकाळी प्रत्येक मित्राच्या नावाने एक पेटी येते ती उघडायची. आपणहून मित्राला पेटी पाठवायची तर त्याचं वेगळं बटण असतं. पेटीत कधी गूळ, कधी अंडी, कधी ज्वारी, बहुतेक वेळा कडबा. नशीब फळफळलं तर सोन्याची कोंबडी. ज्यांच्या घरी दहा एकर सोयाबीन उभं आहे ती माणसंही एसटीत बसून बोटाने नांगरणी करतात. मी स्वतः करतो, म्हणून फार हसत नाही.

करीमभाईंचं बसस्टँडसमोर सुतळी-बारदान्याचं दुकान आहे. त्याआधी तीस वर्षं त्यांनी एका अडत्याकडे माल पारखला. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर सोयाबीन बाहेर काढायचं आणि काय असेल ते खरं सांगायचं. एका ठिकाणी खुपसून त्यांनी कधी निकाल दिला नाही. "तोंड, पोट, बूड," ते म्हणत, "तिन्ही जागचं पायल्याबिगर पोत्याबद्दल बोलू नये. तोंडाशी तं समद्याइचाच माल चांगला रायते." दुकानात बसल्यावर परखी सुटली, खोड सुटली नाही. ती त्यांनी खेळात खुपसली.

सोन्याची कोंबडी कधी निघते याबद्दल गावात मतं होती. चहावाला गजानन म्हणे, बॅटरी उतरली की निघते. एसटीचे कंडक्टर वानखडे चप्पल काढून, रुमालाने काच पुसून पेटी उघडत. करीमभाईंनी कोणालाच वेड्यात काढलं नाही. त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली. गजाननाला पंधरा दिवस भरल्या बॅटरीवर आणि पंधरा दिवस उतरत्या बॅटरीवर पेट्या उघडायला लावल्या. वानखड्यांना पंधरा दिवस चप्पल घालायला लावली. "लय जिवावर आलं सर," वानखडे मला म्हणाले.

महिनाभराने निकाल लागला. "बॅटरीचं खोटं हाय. चपलीचं बी खोटं. नवा गडी आला का पयले आठ दिवस कंपनी कोंबडी देते, मंग हात आखडते. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवला हाय, दुसरं काई नाई." वानखडे आजही चप्पल काढतात. करीमभाईंनी ते वहीत 'सवय' म्हणून नोंदवलं आहे.

याच वानखड्यांनी एकदा मेडशी ते मालेगाव एवढ्याशा प्रवासात अख्ख्या महिन्याची वही भरून टाकली. करीमभाईंनी दोन पानं पाहिली आणि वही परत केली. "गूळ, अंडी, कडबा. गूळ, अंडी, कडबा. साहेब, खऱ्या पोत्यात खडे असे रांगेनं बसत नाईत. एका जागी पाच सापडतात, मंग लय येळ एक बी नाई." वानखडे आठवडाभर दुकानासमोरून मान खाली घालून जात होते.

वह्या गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. जनगणना शिक्षकाने करायची, मतदारयादी शिक्षकाने करायची, मग कोंबड्यांनीच काय घोडं मारलं होतं? कुरकुरत का होईना, केलं. पण कोंबडीचा निकाल लागला तरी वह्या थांबेनात. उलट दोन नवे रकाने आले. 'पेटी कोणाच्या नावाची?' आणि 'त्याने ती खरंच पाठवली का?' या दुसऱ्या रकान्यापायी मी घरोघर जाऊन विचारू लागलो, की बाबा, काल तू गजाननाला पेटी पाठवायचं बटण दाबलंस का? लोक विचित्र नजरेने बघत. मुख्याध्यापकांनी एकदा बाजूला घेऊन तब्येतही विचारली.

दिवाळीनंतर मी चिडलोच. "भाई, कोंबडी झाली. आता हे कायले करून राह्यले तुमी?"

ते सुतळीचा गुंडा गुंडाळत होते. तो बाजूला ठेवून म्हणाले, "धनजचा यूसुफ हाय नं. त्याच्या नावाची पेटी येते मले. रोज."

यूसुफ त्यांचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपासून दोघांत बोलणं नव्हतं हे गावाला माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. अब्बा गेले तेव्हा यूसुफ धनजहून निघाला, पण त्याची बस वाटेत बंद पडली. "लोक म्हणे, आता थांबू नका, दिवस बुडून राह्यला. मी मोठा. मी म्हणलं, उचला. तो आला तवा आमी माती देऊन हात धुऊन राह्यलो होतो. तो तसाच आल्या पावली गेला."

मग हा खेळ आला. फोनमधले सगळे नंबर त्यात आपोआप मित्र होतात. एका सकाळी पडद्यावर आलं, 'यूसुफने तुम्हाला पेटी पाठवली आहे.' तेव्हापासून वर्षभर रोज येत होतं. ती पेटी यूसुफ पाठवतो, की कंपनीच त्याच्या नावाने पाठवते, एवढंच या माणसाला हवं होतं. फोन करून विचारायची छाती झाली नाही, म्हणून त्याने सगळं गाव कामाला लावलं. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात रकाने मीच जुळवले, दोनदा. माणसाने बटण दाबून पाठवलेल्या पेटीत गूळ, अंडी, ज्वारी, काहीही निघालं होतं, कडबा एकदाही नाही. कडबा फक्त कंपनीचा. मग करीमभाईंनी यूसुफच्या पेट्यांची वही पुढे केली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कडबा.

"कंपनीच हाय मंग," ते म्हणाले.

"अजून थोड्या वह्या भरून पाहू, भाई."

"नाई सर. तोंड, पोट, बूड, समदीकडं कडबा हाय."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो. "तुमी तरी त्याले कधी पाठवली का?"

"मी? मी मोठा हावो, सर."

"म्हणजे नाही पाठवली."

त्यांनी वही मिटली. "मंजे त्याले बी माह्या नावानं कडबाच जाऊन राह्यला असन. सालभर कंपनीच आमचं भाऊपण सांभाळून राह्यली." मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली, कारण ते हसत नव्हते.

त्यांनी फोन घेतला, यूसुफचं नाव काढलं आणि बटणावर अंगठा धरला. "बिस्मिल्ला," म्हणाले आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दुकानाशी थांबलो. यूसुफच्या नावाची पेटी आली होती. कडबा. करीमभाईंनी तो वहीत लिहिला आणि गजाननाला दोन चहा सांगितले. चहा यायच्या आत फोन वाजला. पडद्यावरचं नाव पाहून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी परत माझ्या. शेवटी मीच बटण दाबून त्यांच्या कानाला लावला.

पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा होता. सलाम नाही, खुशाली नाही.

"भाई, सालभर से तुम्हारी पेटी में कडबाच निकल रहा था. आज गुड़ निकला. तुमने खुद भेजे क्या?"

करीमभाई नुसती मान हलवत राहिले. फोनवर मान दिसत नाही, म्हणून शेवटी मीच ओरडलो, "हो! हो! त्याइनंच पाठवली!"