मांगच्याचं होऊ दे

माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, स्वतःचं काम झालं तरी रांगेतून जात नाहीत. बाजूला सरकतात, हात पाठीमागे बांधतात आणि मागच्या माणसाचं काम पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभे राहतात.

भंडाऱ्यात हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सलूनमध्ये दाढी आटोपली तरी ते बाकावर बसून असतात. पुढच्या माणसाच्या गळ्यात तोच टॉवेल पडला, गालाला तोच ब्रश लागला, की उठतात. बसस्टँडच्या नळावर पाणी पितात आणि मागचा ओंजळ धरेपर्यंत हलत नाहीत. एटीएममध्ये तर एकदा चौकीदारानं हटकलं.

"काहून उभे आहा जी? झालं नं तुमचं?"

"माह्यं झालं. मांगच्याचं होऊ दे."

मागचा बिचारा पिन दाबायला तयार नाही, हे हलायला तयार नाहीत.

माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला ते सोबत आले होते. माझा फॉर्म जमा झाल्यावर मागच्या मुलीकडे त्यांनी असं टक लावून बघितलं की ती कॉलेज संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मीही कोणाशी फारसं बोलत नाही, त्यामुळे नुकसान कोणाचं झालं ते कळलं नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला या सवयीसाठी आजाराचं एक लांबलचक नाव सापडलं होतं. मोठ्याई, म्हणजे त्यांची बायको, इतक्या लांब जात नसे. "तुमची मान एक दिवस मांगंच फिरून राहीन," एवढंच म्हणायची.

तुमसरकडे, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांचं गाव. तिथली जुनी पाणचक्की दुरुस्त करून लोकांना बघायला खुली केली आहे, हे कळलं आणि सहलीचा हट्ट त्यांनीच धरला. तलावाचं पाणी पाटानं येऊन चाकावर पडतं, चाक दगड फिरवतं. आपलं धान्य आणा, दळून न्या, अशी सोय होती. रविवारी आम्ही सगळे निघालो. मोठे बाबांच्या मांडीवर गव्हाचा डबा.

"माह्या लग्नातबी गहू एवढा निवडला नोता," मोठ्याई म्हणाली.

चक्कीवर मोजकीच माणसं होती. आमच्या मागे नागपूरचं एक जोडपं, बाईंच्या हातात ज्वारीची पिशवी. बाई गोड बोलत होत्या.

"गाव हेच का तुमचं? वा! आडनाव काय म्हणालात?"

मोठे बाबा काही म्हणाले नव्हते. पण त्यांनी सांगितलं, खणखणीत. आमचं आडनाव आमच्याबद्दलचं सगळं एका दमात सांगून टाकतं. बाई "अच्छा" म्हणाल्या आणि तलावाकडे बघू लागल्या.

मोठे बाबा मला म्हणाले, "माय मले घेऊन इथंच उभी राहे. सकायपासून."

"एवढी गर्दी असायची?"

"गर्दी कायची? आमचं दळलं का दगडात आमचं पीठ राहे थोडं. मंग त्याच्यावर दुसऱ्याचं कसं दळन? म्हून आमचा डबा सगळ्यायच्या मांगं. सांजेले पानी सरलं, तं डबा तसाच घरी." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या मांगं कधी कोनी नोतंच, पोरी."

आजोबांनी तोवर दीक्षा घेतली होती. चक्कीच्या दगडाला ते कोणी कळवलं नव्हतं.

मला तो टॉवेल आठवला. तो ब्रश. ती ओंजळ.

आमचा नंबर आला. चक्की चालवणाऱ्यानं आधीच्यांच्या पिठावरच आमचा गहू ओतला. दगड घरघरला, पीठ पडू लागलं. मोठ्याईनं चिमूटभर तोंडात टाकून मान डोलावली. मोठे बाबांनी पिठाकडे पाहिलंही नाही. ते बाजूला सरकले आणि हात पाठीमागे बांधले. या वेळी आमच्यापैकी कोणीच "चला" म्हटलं नाही.

"भाऊ, आधी जरा साफ करून घ्या ना," बाई म्हणाल्या. "मिक्स नको व्हायला."

ज्वारीत गहू मिसळू नये, हे बरोबरच आहे. कोणीही म्हणेल. आडनाव न विचारताही म्हणेल.

त्या माणसानं कुंचा फिरवला. आमचं उरलंसुरलं पीठ दगडाच्या कडेनं जमिनीवर पडलं.

बाबा घाईघाईनं म्हणाले, "दादा, ज्वारी हाय त्यायची. गहू असता तं..."

"हो नं," मोठे बाबा म्हणाले. "ज्वारी हाय."

परतताना चहाच्या टपरीवर थांबलो. मोठे बाबांनी चहा संपवला, ग्लास ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. मागे कोण आहे, हे वळून पाहिलंही नाही. इतकी वर्षं आम्हाला हेच हवं होतं. मोठ्याई "अवो, मांगच्याचं..." एवढंच बोलली आणि पदर सावरत त्यांच्यामागे गेली.

मी टपरीशीच राहिले. अनोळखी माणसांकडे बघायची मला सवय नाही. टपरीवाल्यानं मोठे बाबांचा ग्लास विसळला, त्यात चहा ओतला आणि मागच्या माणसाच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, माझ्याकडे संशयानं पाहिलं, अंग चोरलं.

बाबांनी दोनदा हॉर्न दिला. त्या माणसाचा अजून अर्धा चहा उरला होता.